विश्लेषण : बंदरासाठी खरवडलेला समुद्रतळ पुन्हा जिवंत होतो का?

पालघर जिल्ह्यातील डहाणूजवळच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात समुद्रात १,४४८ हेक्टरचा भराव आणि लाटा अडवणारे १०.१४ किलोमीटर लांबीचे बंधारे यांचा समावेश आहे. या भरावासाठी लागणारी वाळूही समुद्राच्या तळातूनच उपसायची आहे. अशा कामाने तळाचे होणारे नुकसान तात्पुरते असते, काही काळाने तळ पूर्ववत होतो, असा युक्तिवाद बंदरांच्या बाजूने नेहमी केला जातो. मच्छीमारांचा अनुभव आणि शंका नेमक्या याच शब्दावर आहेत. जगभरातील अभ्यास पाहिले तर ‘काही महिन्यांत भरून येतो’ आणि ‘कधीच भरून येत नाही’ ही दोन्ही उत्तरे सापडतात. दोन्ही खरी आहेत, कारण ती वेगवेगळ्या तळांविषयी आणि वेगवेगळ्या कामांविषयी आहेत.

ड्रेजिंगमध्ये नेमके काय होते?

मोठ्या जहाजांना खोल पाणी लागते. बंदराकडे येणारा जहाजमार्ग आणि धक्क्यासमोरचा भाग पुरेसा खोल नसेल तर तळाचा गाळ, वाळू किंवा खडक काढावा लागतो. यालाच ड्रेजिंग म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. मार्ग पहिल्यांदा खोदणे किंवा आणखी खोल करणे याला ‘कॅपिटल ड्रेजिंग’ म्हणतात. खोदलेल्या मार्गात भरती-ओहोटीबरोबर पुन्हा साचणारा गाळ ठरावीक काळाने काढत राहणे म्हणजे ‘मेंटेनन्स ड्रेजिंग’, अर्थात देखभालीचा उपसा.

मऊ गाळ आणि वाळूसाठी मुख्यतः सक्शन हॉपर ड्रेजर वापरतात. जहाजाच्या बाजूने एक लांब नळी तळापर्यंत सोडली जाते आणि जहाज पुढे सरकत असताना ती तळावरचा थर पाण्यासकट ओढून घेते. जहाजाच्या पोटात वाळू बसते आणि जास्तीचे गढूळ पाणी पुन्हा समुद्रात सोडले जाते. टणक तळ असेल तर फिरत्या दातांनी तो फोडणारा कटर ड्रेजर लागतो. काढलेला गाळ बहुतेक वेळा ठरवून दिलेल्या जागी खोल समुद्रात टाकला जातो, तर वाळू भरावासाठी वापरली जाते.

म्हणजे एका कामाने समुद्रतळावर चार वेगवेगळ्या गोष्टी घडतात. एका जागी तळ काढला जातो. दुसऱ्या जागी गाळ टाकला जातो. आजूबाजूला गढूळ पाण्याचा लोट पसरून हळूहळू खाली बसतो. आणि भराव असेल तर तेवढा तळ जमिनीखाली गाडला जातो. ‘तळ पूर्ववत होतो का’ या प्रश्नाचे उत्तर या चारही ठिकाणी वेगळे येते. चर्चेत मात्र ही चारही उत्तरे एकाच वाक्यात कोंबली जातात.

तळाशी राहते कोण?

वरून पाहिले तर गाळाचा तळ ओसाड वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या वरच्या काही सेंटीमीटरांत दाट वस्ती असते. गाळात नळ्या करून राहणारे बहुरोमी कृमी, तिसऱ्या आणि इतर शिंपले, गोगलगायी, छोटे खेकडे, कोळंबीवर्गीय बारीक जीव आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूत्रकृमी तिथे राहतात. या सगळ्यांना मिळून तळजीव म्हणतात. बहुतेक तळजीव वरच्या १० ते २० सेंटीमीटर थरातच असतात. त्यामुळे ड्रेजरने अर्धा मीटर थर काढला तरी वस्ती जवळजवळ पूर्ण उचलली जाते.

या जीवांची दोन कामे माणसाच्या थेट उपयोगाची आहेत. पहिले, ते अन्न आहेत. कोळंबी, लेप, ढोमा, शिंगाला, घोळ अशी तळाजवळ वावरणारी मासळी त्यांच्यावर किंवा त्यांना खाणाऱ्यांवर जगते. दुसरे, ते गाळ सतत उकरत असतात. त्यांच्या बिळांतून पाणी आणि प्राणवायू गाळात उतरतो, सडलेले पदार्थ विघटित होतात आणि पोषकद्रव्ये पाण्यात परत येतात. शेतात गांडूळ जे करतो, तेच काम समुद्रतळावर हे कृमी करतात. म्हणूनच तळजीवांचे नुकसान मासळी उतरवण्याच्या धक्क्यावर दिसायला वेळ लागतो, पण ते दिसते.

उपसल्यानंतर तळ भरून कसा येतो?

न्यूवेल, सायडरर आणि हिचकॉक या संशोधकांनी १९९८ मध्ये किनारी ड्रेजिंगवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. उपसा झालेल्या जागी प्रजातींची संख्या ३० ते ७० टक्क्यांनी आणि जीवांची एकूण संख्या ४० ते ९५ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. हा आढावा आजही या विषयात पायाभूत मानला जातो.

त्यानंतर पुनर्वसाहत सुरू होते आणि ती तीन वाटांनी होते. खड्ड्याच्या कडा ढासळतात, त्यांच्याबरोबर शेजारचे जीव आत येतात. ड्रेजरच्या दोन चरांमध्ये राहून गेलेल्या पट्ट्यांतून काही जीव सरकत येतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या येऊन तळावर बसतात. बहुतेक तळजीवांचे बालपण पाण्यात तरंगत जाते, त्यामुळे आजूबाजूचा समुद्र निरोगी असेल तर ‘बियाणे’ कायम उपलब्ध असते.

कोण आधी येतो याचाही एक क्रम असतो. पिअर्सन आणि रोझेनबर्ग यांनी १९७८ मध्ये सेंद्रिय प्रदूषणाच्या संदर्भात तो मांडला. सुरुवातीला येतात ते लहान, कमी आयुष्याचे, झपाट्याने पिल्ले घालणारे कृमी. कॅपिटेला हा त्यांतला प्रसिद्ध कृमी. रिकाम्या जागेत स्पर्धा नसल्याने त्यांची संख्या प्रचंड वाढते. त्यानंतर मध्यम आकाराचे शिंपले आणि कृमी येतात. खोल बिळे करणारे, अनेक वर्षे जगणारे, मोठे जीव सर्वांत शेवटी स्थिरावतात. पडीक रानात आधी गवत, मग झुडपे आणि शेवटी झाडे यावीत तसा हा क्रम आहे. गवत उगवले म्हणून रान परत आले असे कोणी म्हणत नाही. समुद्रतळाच्या बाबतीत मात्र पहिल्या टप्प्यावरच ‘पूर्ववत’ असा शिक्का मारला जाण्याचा धोका असतो, कारण तेव्हा जीवांची नुसती मोजदाद केली तर संख्या कधीकधी आधीपेक्षाही जास्त भरते.

किती काळ लागतो?

१९९८ च्या त्याच आढाव्यात दिलेले अंदाज असे : खाड्यांतील मऊ गाळाला साधारण ६ ते ८ महिने, वाळू आणि बारीक खड्यांच्या तळाला २ ते ३ वर्षे, आणि सावकाश वाढणारे जीव असलेल्या भरड तळाला ५ ते १० वर्षे. यामागचे कारण सोपे आहे. खाडीतला गाळ भरती-ओहोटीने रोज हलत असतो, तिथे राहणारे जीव उलथापालथीला सरावलेले असतात. स्थिर, भरड तळावर मात्र दीर्घायुषी जीव असतात. दहा वर्षांचा शिंपला परत यायला दहा वर्षेच लागतात.

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळ ‘एरिया २२२’ या क्षेत्रातून अनेक वर्षे वाळू-खडी काढली जात होती. १९९६ मध्ये उपसा थांबला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, सहा वर्षे उलटूनही जिथे जास्त उपसा झाला होता तिथली जीवसृष्टी शेजारच्या न उपसलेल्या तळापेक्षा वेगळी होती. कमी उपसा झालेल्या भागात परिस्थिती पुष्कळ सुधारली होती. म्हणजे एकाच क्षेत्रात, एकाच प्रकारच्या तळावर, उपशाच्या तीव्रतेनुसार निकाल बदलला.

लवकर भरून येणे ही चांगली खूण आहे का?

इथे एक अडचणीचा मुद्दा येतो. बोलम आणि रीस यांनी २००३ मध्ये ड्रेजिंगचा गाळ टाकलेल्या जागांवरील अभ्यासांचा आढावा घेतला. आधीपासूनच ताणाखाली असलेल्या तळावर, म्हणजे जिथे क्षारता, गढूळपणा किंवा प्रवाह सतत बदलतात अशा जागी, जीवसृष्टी साधारण ९ महिन्यांत पूर्वपदाला आली. ताण नसलेल्या, समृद्ध तळाला १ ते ४ वर्षे लागली. जिथे मुळात टणक, अल्पायुषी जीवच उरलेले असतात तिथे हरवण्यासारखे थोडे असते, म्हणून ‘पूर्ववत’ होणे सोपे जाते.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ताणाचे नैसर्गिक रूप दरवर्षी पाहायला मिळते. गोव्यातील मांडवी आणि झुआरी नद्यांच्या मुखांत पावसाळ्यात गोड्या पाण्याचा आणि गाळाचा लोंढा येतो, तळजीवांची संख्या एकदम घसरते आणि पाऊस ओसरल्यावर नव्या अळ्या बसून वस्ती पुन्हा वाढते. इथले जीव या चक्राला सरावलेले आहेत. म्हणून खाडीतला छोटा उपसा, योग्य हंगामात केला तर, लवकर भरून येऊ शकतो.

मुंबई बंदर आणि ठाणे खाडीत मात्र नैसर्गिक ताणाबरोबर माणसाने आणलेला ताणही आहे. अनेक दशके सांडपाणी आणि औद्योगिक पाणी येत असल्याने बंदराच्या गाळात प्रदूषण सोसणाऱ्या कृमींचे प्राबल्य आहे. अशा तळावर ड्रेजिंगनंतर तेच कृमी काही महिन्यांत परततात. याचा अर्थ ड्रेजिंग निरुपद्रवी आहे असा होत नाही. तळ आधीच पहिल्या पायरीवर अडकलेला होता आणि प्रत्येक उपशाने तो तिथेच राहतो, असा होतो. शिवाय जुना गाळ उकरला की त्यात दबलेली प्रदूषके वर येतात. जहाजांच्या बुडाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावला जाणारा ट्रायब्युटिल टिनचा रंग हे त्याचे उदाहरण. तो गोगलगायींमध्ये लैंगिक विकृती घडवतो हे सिद्ध झाल्यावर २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने त्यावर बंदी आली, पण बंदरांच्या गाळात त्याचे अवशेष राहतात.

दरवर्षी उपसल्या जाणाऱ्या मार्गाचे काय?

वर दिलेले सर्व कालावधी एका अटीवर अवलंबून आहेत : उपसा थांबलेला असला पाहिजे. बंदराच्या जहाजमार्गात तो थांबत नाही. मुंबई आणि न्हावाशेवा यांच्या सामाईक मार्गाचे उदाहरण घेता येईल. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. कंटेनर जहाजे मोठी होत गेली तसा मार्ग दोन टप्प्यांत, आधी १४ मीटर आणि नंतर १५ मीटर ड्राफ्टची जहाजे भरतीच्या वेळी येऊ शकतील इतका, खोल करण्यात आला. मार्ग आजूबाजूच्या तळापेक्षा जितका खोल, तितका त्यात गाळ साचण्याचा वेग जास्त आणि तितका देखभालीचा उपसा अधिक.

गाळाच्या तळाला भरून यायला ६ ते ८ महिने लागत असतील आणि उपसा दरवर्षी होत असेल, तर वस्ती वाढते न वाढते तोच पुन्हा काढली जाते. अशा मार्गासाठी ‘पूर्ववत होण्याचा काळ’ हा शब्दच लागू होत नाही. तो तळ बंदर चालू असेपर्यंत बदललेल्या अवस्थेत राहतो. शहरातला रस्ता जसा पुन्हा शेत होत नाही, तसेच हे आहे. त्यात अनैतिक काही नाही, बंदराला मार्ग लागतोच. मात्र नुकसानीच्या हिशेबात हे क्षेत्र ‘तात्पुरत्या’ रकान्यात न टाकता ‘कायमच्या’ रकान्यात टाकले पाहिजे.

वाळूच्या खाणीचे काय? रॉटरडॅम आणि टोकियोचे धडे

वाढवणच्या भरावासाठी दमणच्या समुद्रातून वाळू काढण्याची योजना आहे. कोट्यवधी घनमीटर वाळू एका पट्ट्यातून काढली तर मागे राहणाऱ्या खड्ड्याचे काय होते, याची दोन परस्परविरुद्ध उदाहरणे उपलब्ध आहेत.

नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदराच्या ‘मासव्लाक्ते-२’ या विस्तारासाठी २००९ ते २०१३ या काळात उत्तर समुद्रातून सुमारे २२ कोटी घनमीटर वाळू काढण्यात आली. तिथे पूर्वी साधारण २ मीटर खोलपर्यंतच उपशाची पद्धत होती. या वेळी तळाच्या खाली २० मीटरपर्यंत खोदायला परवानगी देण्यात आली, म्हणजे कमी क्षेत्रातून जास्त वाळू मिळाली आणि बाधित तळाचा विस्तार मर्यादित राहिला. खड्ड्यात मुद्दाम वाळूचे उंचवटे ठेवून तळ सपाट होऊ दिला नाही. नंतरच्या अभ्यासांत खड्ड्यातील तळजीव आणि तळाजवळची मासळी यांचे वजन आजूबाजूच्या समुद्रापेक्षा कित्येक पट जास्त आढळले. मात्र तिथली जीवसृष्टी पूर्वीची नव्हती. खोल खड्ड्यात प्रवाह मंदावला, बारीक गाळ बसला आणि अब्रा अल्बा हा गाळ पसंत करणारा छोटा शिंपला प्रबळ झाला. जीवन वाढले, पण ते दुसरे जीवन होते.

टोकियो उपसागरात उलटे घडले. १९६० आणि ७० च्या दशकांत किनाऱ्यावर भराव घालण्यासाठी माकुहारी परिसरात उपसागराच्या तळातूनच वाळू काढली गेली. मागे राहिलेल्या खोल खड्ड्यांत पाणी खेळत नाही. उन्हाळ्यात वरचे पाणी गरम आणि खालचे थंड असे थर पडतात, शहराच्या सांडपाण्याने वाढलेले प्लवक मरून खाली बसते, सडते आणि तळाचा प्राणवायू संपतो. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहू लागला की हे गंधकयुक्त पाणी वर येते आणि समुद्र दुधाळ निळा दिसतो. जपानीत त्याला ‘आओशिओ’, म्हणजे निळी भरती म्हणतात. सानबान्झेच्या उथळ पट्ट्यातील खाण्याचे शिंपले यात मरतात. खोदकाम संपून काही दशके लोटली तरी खड्डे आणि निळी भरती दोन्ही आहेत.

दोन्ही ठिकाणी वाळूच काढली गेली. फरक पडला तो पाणी खेळण्याने, सेंद्रिय प्रदूषणाने आणि खड्ड्याच्या आकाराने. दमण हे खंबातच्या आखाताच्या मुखाजवळ आहे. तिथे भरती-ओहोटीचे प्रवाह जोरदार असतात, त्यामुळे पाणी साचून राहण्याचा धोका बंदिस्त उपसागराइतका नाही. पण पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात, विशेषतः गोवा-कारवार पट्ट्यात, पावसाळ्याच्या उत्तरार्धात तळाचा प्राणवायू नैसर्गिकरीत्याच कमी होतो. म्हणून या किनाऱ्यावर कुठेही खोल खड्डा करताना तळाच्या प्राणवायूची नोंद वर्षभर घेणे अत्यावश्यक ठरते.

खडकाळ तळही भरून येतो का?

गाळ आणि वाळू वाहून येते, खडक येत नाही. खडकाला चिकटून वाढणारे जीव हटले किंवा गाळाखाली गुदमरले तर त्यांना बसायला पुन्हा तसाच स्वच्छ, टणक पृष्ठभाग लागतो.

अमेरिकेतील मायामी बंदराचा मार्ग २०१३ ते २०१५ दरम्यान खोल करण्यात आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने उपग्रहांतून दिसलेले गढूळ पाण्याचे लोट आणि प्रवाळांची प्रत्यक्ष पाहणी यांची सांगड घातली. मार्गाच्या ५०० मीटर परिसरात पाच लाखांहून अधिक प्रवाळ मेल्याचा अंदाज त्यातून निघाला. हे प्रवाळ ड्रेजरने खोदून काढलेले नव्हते. वाहत आलेला बारीक गाळ त्यांच्यावर बसला होता. खोदलेल्या जागेची सीमा आणि नुकसानीची सीमा एक नसते, हे या उदाहरणातून ठळकपणे दिसले.

वाढवणच्या बाबतीत याचा अर्थ काय?

वाढवणचा किनारा खडकाळ आहे. ओहोटीला उघडी पडणारी विस्तीर्ण खडकाची पुळण, तिच्यातली डबकी आणि कपारी हा शेवंड, खेकडे, कालवे आणि माशांच्या पिल्लांचा आसरा आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला. त्याच्या रक्षणासाठी नेमलेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये आधीचा बंदर प्रस्ताव नाकारला होता. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी सध्याच्या प्रकल्पाला अटींसह हिरवा कंदील दाखवला. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये विरोधातील याचिका फेटाळल्या आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

प्रकल्पाच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. इथे सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली मिळते. न्हावाशेव्यासारखा लांब मार्ग खोदून तो कायम उपसत राहण्याची गरज तुलनेने कमी राहील. देखभालीचा उपसा हाच तळाला सावरू न देणारा घटक असल्याने हा फायदा लहान नाही.

पण नैसर्गिक खोलीचा भरावाशी संबंध नाही. भरावाखाली जाणाऱ्या १,४४८ हेक्टर तळाच्या बाबतीत ‘पुनर्वसाहत’ हा विषयच उद्भवत नाही. तिथे समुद्र उरणार नाही. बंधाऱ्यांच्या दगडांवर कालवे, शेवाळ आणि खेकडे येतील हे खरे. मात्र उताराचे, मोठमोठ्या दगडांचे बंधारे आणि ओहोटीला उघडी पडणारी सपाट खडकाळ पुळण ही दोन वेगळी घरे आहेत. दोन्हींत राहणारे सगळेच जीव सारखे नसतात. आणि पुळणीवर ओहोटीला पायी जाऊन कालवे किंवा खेकडे गोळा करणाऱ्या कुटुंबाला बंदराच्या बंधाऱ्यावर जाता येणार नाही.

नेदरलँड्सने ‘मासव्लाक्ते-२’साठी हा फरक हिशेबात घेतला होता. सुमारे अडीच हजार हेक्टर समुद्रतळ कायमचा जाणार हे मान्य करून जवळच्या ‘वोर्डेल्टा’ भागात सुमारे २५ हजार हेक्टरचा पट्टा राखीव करण्यात आला आणि तिथे तळ खरवडणाऱ्या जड जाळ्यांवर निर्बंध आले. म्हणजे वाळू काढलेला तळ ‘सावरू शकणारा’, भरावाखालचा तळ ‘गेलेला’, आणि गेलेल्याच्या बदल्यात दुसरीकडे संरक्षण, असा स्वतंत्र हिशेब मांडला गेला.

‘तात्पुरते’ या शब्दावर काय अवलंबून आहे?

नुकसान तात्पुरते मानले तर भरपाई बांधकामाच्या काळापुरती ठरते. कायमचे मानले तर ती उपजीविकेची ठरते. डहाणू ते सातपाटीपर्यंतच्या किनाऱ्यावर डोल जाळी, गिलनेट आणि छोट्या होड्यांवर जगणाऱ्यांसाठी हा फरक काही वर्षांचा आणि एका पिढीचा आहे. मोठ्या ट्रॉलरला मासळी नसेल तर दूर जाता येते. छोटी होडी रोज ये-जा करण्याच्या अंतरातच मासेमारी करते. म्हणून तिच्यासाठी ‘एकूण समुद्रात मासळी घटली नाही’ हे उत्तर अपुरे असते.

देखरेख कशी असावी?

या प्रकारच्या कामांत जगभर मान्य झालेली पद्धत अशी आहे : काम सुरू होण्यापूर्वी किमान एका पूर्ण वर्षाच्या, म्हणजे पावसाळ्यासह सर्व हंगामांच्या नोंदी घ्यायच्या. काम होणाऱ्या जागेबरोबर तशाच तळाच्या, पण कामापासून दूर असलेल्या जागाही तपासायच्या. काम संपल्यावर दोन्हींची तुलना अनेक वर्षे चालू ठेवायची. दूरच्या जागांची तुलना नसेल, तर घट ड्रेजिंगमुळे झाली, पावसामुळे की अतिमासेमारीमुळे, हे सांगताच येत नाही. दोन्ही बाजूंना हवा तो निष्कर्ष काढता येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे काय मोजायचे. नुसती संख्या फसवी ठरते, हे वर दिसलेच. कोणत्या प्रजाती परतल्या, त्यांत मोठे आणि दीर्घायुषी जीव किती, खोल बिळे करणारे आले का आणि तळाच्या कणांचा पोत पूर्वीसारखा आहे का, हे पाहावे लागते. वाळूच्या जागी चिखल उरला तर वाळूतले जीव कितीही वर्षे थांबले तरी परत येत नाहीत.

तिसरी गोष्ट कामाच्या पद्धतीची. उपसलेल्या पट्ट्यांमध्ये न खोदलेले पट्टे सोडणे, खड्ड्यात मूळ पोताच्या वाळूचा थर शिल्लक ठेवणे, जहाजातून गढूळ पाणी सोडण्यावर मर्यादा घालणे, गढूळपणाची ठरावीक पातळी ओलांडली की काम थांबवणे आणि माशांच्या विणीच्या काळात संवेदनशील भागांत उपसा न करणे, हे उपाय अनेक बंदरांत वापरले गेले आहेत. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, कारण हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ मानला जातो. मच्छीमारांना लागू असलेले हे कारण ड्रेजरलाही लागू होते का, हा प्रश्न किनाऱ्यावर विचारला जाणे स्वाभाविक आहे.

वाढवणच्या बाबतीत पुढील काही वर्षांत तीन स्वतंत्र आकडे सार्वजनिक होणे गरजेचे आहे : किती तळ भरावाखाली कायमचा गेला, किती तळ देखभालीच्या उपशामुळे कायम अस्थिर राहणार आणि किती तळ उपसा थांबल्यावर सावरण्याची शक्यता आहे. यांतला फक्त तिसरा आकडा ‘तात्पुरत्या’ नुकसानीचा आहे. भरपाई, राखीव क्षेत्र आणि देखरेखीचा कालावधी हे तिन्ही या विभागणीवर ठरले, तरच समुद्रतळ पूर्ववत झाल्याचा दावा पुढे तपासता येईल.